किलोचं नको, लिटरचं गणित करा

हायड्रोजनवर गाड्या चालवायची चर्चा निघाली की ‘हायड्रोजनमध्ये किलोमागे पेट्रोलच्या जवळपास तिप्पट ऊर्जा’ असं म्हणतात, ते खरंच आहे, पण गाडीत अडचण वजनाची नसते, जागेची असते. सीएनजी २०० बार (बार हे दाबाचं एकक) दाबाला भरतात, हायड्रोजन ७०० बारला. एवढा दाबूनही हायड्रोजनच्या टाकीत लिटरमागे सीएनजीच्या साधारण ६० टक्केच ऊर्जा मावते!

टाकी भरण्याचा मुद्दा तर कुणी काढतच नाही. सीएनजी भरल्यावर सिलिंडरला हात लावून बघा, कोमट लागतो. गॅस तापला की कमी मावतो, म्हणून काटा पूर्ण दिसला तरी थोड्या वेळाने खाली येतो. ७०० बारला ही उष्णता फारच वाढते, त्यामुळे पंपावर हायड्रोजन आधी उणे ४० अंशांपर्यंत थंड करावा लागतो. त्या यंत्रणेची वीजही हिशेबात धरा.