ब्रिज: बोली जमते, पण खेळताना एक हात कमीच पडतो. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

गेले सात-आठ महिने पत्त्यांतला ब्रिज शिकतोय. मी, बायको आणि ओळखीचं एक जोडपं असे चौघं, चौघंही नवीनच, आठवड्यातून दोनदा बसतो आणि मधल्या दिवसांत मी ऑनलाइन रोबोटबरोबर खेळतो. हुकुमाचे इतर खेळ लहानपणापासून खेळलोय, त्यामुळे रंगाला रंग टाकायचा, नसला तर हुकूम मारायचा, हे काही शिकावं लागलं नाही. पण हा खेळ त्याच्या खूप पुढचा आहे हे पहिल्याच आठवड्यात कळलं आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये.

काय येतं ते आधी सांगतो. पॉइंट मोजता येतात, एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १, चारी रंगांचे मिळून ४०. साधारण १२-१३ असले की ओपन करायचं (पहिली बोली लावायची), बदाम किंवा इस्पिक बोलायचा तर त्याची पाच पानं हवीत, १५ ते १७ पॉइंट आणि चारी रंग सारखे असले तर एक नो ट्रम्प (म्हणजे बिनहुकुमी). दोघांचे मिळून २५ च्या आसपास होत असतील तर गेमला (बोनस मिळणाऱ्या बोलीला) जायचं, म्हणजे तीन नो ट्रम्प, चार बदाम-इस्पिक किंवा पाच किलवर-चौकट. स्टेमन, ट्रान्सफर, ब्लॅकवूड ही कन्व्हेन्शन (पार्टनरशी आधी ठरवलेले बोलींचे अर्थ) पाठ केलीत. ट्रान्सफर एकदा विसरलो होतो, माझ्या एक नो ट्रम्पवर बायको दोन चौकट बोलली, म्हणजे तिच्याकडे पाच बदाम, आणि मी पास केलं. तिच्या हातात चौकटचं एकच पान होतं. त्यानंतर मात्र कधी विसरलो नाही.

तर बोली ठीकठाक होते, योग्य कॉन्ट्रॅक्टपर्यंत (शेवटी ठरणाऱ्या बोलीपर्यंत) बहुतेक वेळा पोचतो, पण खेळायला लागलो की एक हात कमी पडतो. दोन-तीन नाही, बरोब्बर एक. आणि डाव संपल्यावर पानं उघडून बघितली की कॉन्ट्रॅक्ट होणारंच होतं हे दिसतं, त्याने फार जीव चडफडतो.

परवाचाच डाव देतो. मी दक्षिण, एक नो ट्रम्प ओपन केलं, बायकोने थेट तीन नो ट्रम्प केलं.

डमी (उत्तर, बायकोची उघडी पानं, तीही मीच खेळतो): इस्पिक ८ ५ २, बदाम ६ ४, चौकट एक्का राणी गुलाम ९ ५, किलवर एक्का ६ ३

मी (दक्षिण): इस्पिक एक्का राजा ४, बदाम एक्का ७ ३, चौकट १० ८ ४, किलवर राजा गुलाम ७ २

पश्चिमेने बदामची पंजी उतरली, डमीतून चव्वी, पूर्वेने राणी टाकली, मी एक्क्याने हात घेतला. मग चौकटची दश्शी लावली, पश्चिमेने छोटं पान टाकलं म्हणून डमीतूनही छोटं, आणि पूर्वेने राजाने मारलं. पूर्वेने बदामची दश्शी परत केली, पश्चिमेने ती गुलामाने घेतली आणि राजा, अठ्ठी, दुर्री असे सलग वाजवले. बदामचे चार आणि चौकटचा एक, पाच हात गेले, माझे आठ. फिनेस (राजा पश्चिमेकडे असेल या आशेने डमीतून छोटं टाकणं) लागला नाही एवढंच मला कळलं, पण समोरचे म्हणाले की फिनेस न लागताही हे होतं. कसं ते त्यांनाही नीट सांगता येईना.

माझे प्रश्न असे. एक, यात मी काय चुकलो? दोन, पानं मोजायची म्हणजे नेमकी काय मोजायची, कारण ५२ पानं लक्षात ठेवायचा प्रयत्न केला की चौथ्या हाताला सगळं पुसलं जातं. तीन, इथून पुढे काय शिकू, अजून कन्व्हेन्शन की खेळ? स्क्वीझ, एंडप्ले हे शब्द नुसते ऐकतोय. वेळ द्यायची तयारी आहे, चांगलं खेळता आलं पाहिजे एवढं मनापासून वाटतं. जाणकारांनी सांगा प्लीज.

प्रतिसाद १

पानं व्यवस्थित दिलीत हे फार बरं केलं. चूक चौकटच्या फिनेसमध्ये नाहीये, पहिल्याच हातात आहे. बदामचा एक्का घाईने घेतलात.

आधी नक्की हात मोजा: इस्पिक २, बदाम १, किलवर २, झाले पाच. तीन नो ट्रम्पला नऊ हवेत, म्हणजे चौकटचे चार पाहिजेत, आणि ते राजा गेला तरी मिळतात. फक्त तो राजा निघाला तर पूर्वेकडेच निघणार, कारण पश्चिमेकडे असला तर फिनेस लागलाच. मग सगळा प्रश्न एवढाच की राजा मारल्यावर पूर्वेकडे बदाम परत करायला पान उरतं का. तुम्ही एक्का पहिल्याच हाताला खर्च केलात म्हणून उरलं. राणीला तिर्री टाका, दश्शी आली की सत्ती टाका, तिसऱ्या वेळेला एक्का घ्या. आता पूर्वेचे बदाम संपले. चौकटचा राजा घेऊन तो इस्पिक आणो की किलवर, तुमचे नऊ हात तयार आहेत आणि पश्चिम दोन चांगले बदाम हातात धरून बसून राहील. याला होल्ड-अप म्हणतात.

कितीदा सोडायचं याचं एक सोपं गणित आहे, नो ट्रम्पमध्ये त्या रंगाची तुमची आणि डमीची पानं मिळवा आणि सातातून वजा करा. इथे ३ आणि २ पाच, सातातून गेले की दोन. दोनदा सोडा.

आता खरी गंमत. पश्चिमेने लांब रंगातलं वरून चौथं पान उतरलंय असं धरा, तशीच पद्धत आहे. मग उतरलेलं पान ११ मधून वजा करायचं: ११ मधून ५ गेले की ६ उरतात, म्हणजे पंजीपेक्षा मोठी सहा पानं पश्चिम सोडून बाकीच्या तिघांत आहेत. डमीत छक्की दिसतेय, तुमच्याकडे एक्का आणि सत्ती, झाली तीन, मग पूर्वेकडे बरोब्बर तीन. पंजीपेक्षा लहान फक्त दुर्री दिसत नाहीये. ती पश्चिमेकडे असली तर बदाम ५-३, पूर्वेकडे असली तर ४-४. आणि ४-४ असले तरी तुमचे जास्तीत जास्त तीन बदाम आणि चौकटचा राजा जाणार, म्हणजे चारच हात, कॉन्ट्रॅक्ट होतंच! हे सगळं डमी खाली आल्यावर, स्वतःचं एकही पान टाकायच्या आधी कळण्यासारखं होतं. म्हणून पहिल्या हाताला थांबा. डमी दिसली की डमीतलं पान खेळायच्या आधी अर्धा मिनिट घ्यायची सवय लावली की तुमचा हा 'एक हात कमी' निम्म्याने तरी कमी होईल.

प्रतिसाद २

वरच्यांनी डाव सुंदर सोडवलाय, मी मोजण्याबद्दल लिहितो कारण मीही तिथेच वर्षभर अडकलो होतो.

५२ पानं कोणीच लक्षात ठेवत नाही हो. फक्त बाहेरची मोजायची. एका रंगाची तुमच्याकडे आणि डमीत मिळून आठ आहेत तर बाहेर पाच, दोघांनी रंग टाकला की तीन उरली, परत दोघांनी टाकला की एक. बास. सुरुवातीला महिनाभर एकच रंग मोजा, हुकुमाचा डाव असेल तर हुकूम आणि नो ट्रम्प असेल तर तुमचा लांब रंग, बाकीच्यांकडे लक्षच देऊ नका. तो आपोआप मोजला जायला लागला की दुसरा घ्या.

दुसरं म्हणजे तेराची फोड आकार म्हणून डोळ्यात बसवा. ४-४-३-२ सगळ्यात जास्त येतो, २१.५ टक्के वेळा, त्याखाली ५-३-३-२ साडेपंधरा टक्के, मग ५-४-३-१ जवळपास १३. हे पाढ्यासारखं झालं की एखाद्याने इस्पिक पाच आणि बदाम चार दाखवले की बाकीची चार पानं ३-१ किंवा २-२ (क्वचित ४-०) असणार हे मोजावं लागत नाही, दिसतं.

आणि पानांइतकेच पॉइंट मोजा, हे नवीन लोक हमखास सोडतात. समजा पहिलीच बोली ज्याची होती त्याने पास केलंय आणि खेळताना त्याच्याकडून इस्पिकचा एक्का, राजा आणि बदामचा एक्का निघाला, ११ झाले. आता चौकटची राणी कुठेय असा प्रश्न पडला तर विचार करा, तीही त्याच्याकडे असती तर १३ पॉइंट घेऊन त्याने पास केलं असतं का? मग राणी दुसऱ्याकडे, आणि पन्नास टक्क्यांचा फिनेस जवळजवळ खात्रीचा झाला. मला पहिल्यांदा असं स्वतःहून सापडलं तो डाव अजून पानासकट आठवतो.

प्रतिसाद ३

तिसऱ्या प्रश्नाबद्दल माझं मत जरा ठाम आहे. कन्व्हेन्शन आता बंद करा. जे येतं त्यात टेकआउट डबल, निगेटिव्ह डबल आणि वीक टू एवढं घाला आणि वर्षभर नवीन काही नको. चौघांत दोघांना आठवतं आणि दोघांना नाही असं कन्व्हेन्शन नसलेलं बरं. त्यापेक्षा पार्टनरबरोबर बसून 'ही बोली म्हणजे तू काय समजलीस' हे डाव संपल्यावर शांतपणे बोला, डाव चालू असताना नाही. आणि बोलीत अडखळून, चेहरा करून पार्टनरला काही कळवायचं नाही, त्याने घेतलेल्या वेळावरून आपण अर्थ काढायचा नाही, हा नियमच आहे, घरच्या टेबलवरही पाळा.

बोली महत्त्वाची आहेच. १९२५ साली हॅरॉल्ड व्हँडरबिल्टने आजची गुणपद्धत बसवली ती याच मुद्द्यावर, की जेवढं बोललात तेवढेच हात गेमला धरणार, त्याआधीच्या ऑक्शन ब्रिजमध्ये न बोललेले जास्तीचे हातही गेमला धरले जायचे. त्यामुळे गेम आहे तिथे पोचायलाच हवं. पण पोचल्यावर तो करायला हवा ना.

खेळात माझा क्रम असा होता: नो ट्रम्पमध्ये जिंकणारे हात मोजणं, हुकुमाच्या डावात हरणारे मोजणं, मग हुकूम लगेच काढायचे की आधी डमीत रफ घ्यायचे (हुकुमाने मारून हात घ्यायचे) हे ठरवणं, मग एंट्री, म्हणजे डमीत किंवा स्वतःकडे हात न्यायचं पान. एंट्रीवर बराच काळ थांबा, कारण चांगली पानं डमीत अडकून बसणं हे फिनेस न लागण्यापेक्षा जास्त डाव घालवतं. टक्केवारी थोडीच लागते. बाहेर पाच पानं असली तर ती ३-२ फुटतात ६८ टक्के वेळा, पण बाहेर सहा असली तर ३-३ फक्त ३६ टक्के आणि ४-२ मात्र ४८. सम संख्या आहे म्हणून सारखी फुटतील असं वाटतं आणि तिथेच फसतो.

एंडप्ले तुम्हाला वाटतो तितका लांब नाही. तुमच्याकडे एक्का-राणी आणि डमीत दोन छोटी, फिनेस केला तर निम्म्या वेळा लागणार. पण डावीकडच्याला एक हात देऊन अशा जागी अडकवला की त्याच्याकडे तोच रंग उतरण्याशिवाय पर्याय नाही, तर तुम्ही शेवटी खेळता, दोन्ही हात तुमचे, राजा कुठेही असो. आधी त्याचे बाहेर पडायचे बाकीचे रंग संपवायचे, म्हणजे परत मोजणंच आलं. स्क्वीझ त्याच्याही नंतर.

ब्रिज बेस ऑनलाइनवर एकच डाव अनेक टेबलांवर खेळला जातो आणि नंतर बाकीच्यांनी काय केलं ते पान-पान बघता येतं. रोज दहा डाव खेळण्यापेक्षा तीन खेळा आणि तिन्ही उघडून बघा.

धागाकर्ता

सगळ्यांचे खूप खूप आभार, इतकं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. काल तीच पानं वेगळी काढून, तशीच वाटून परत खेळलो. दोनदा बदाम सोडताना हात जड होतो हो, एक्का हातात असताना समोरच्याला दोन हात द्यायचे! पण तिसऱ्याला घेतला, दश्शी लावली, पूर्वेने राजा मारला आणि बराच वेळ हातातल्या पानांकडे बघत बसली. बदाम नव्हताच. इस्पिक आणला, नऊ झाले. मग बायको म्हणाली आता आपण पूर्व-पश्चिम बसू, आणि तिथे आम्हाला काहीच सुचेना, म्हणून शेवटचं विचारतो, डिफेन्समध्ये डिक्लेररची (बोली घेऊन खेळणाऱ्याची) पानं कशी ओळखायची?

प्रतिसाद १

त्याच डावात पूर्वेच्या खुर्चीत बसा. पार्टनरची पंजी, ११ वजा ५, सहा. डमीत एक, तुमच्याकडे राणी, दश्शी, नव्वी अशी तीन, म्हणजे डिक्लेररकडे पंजीपेक्षा मोठी दोनच पानं. आता तुमच्या राणीला त्याने एक्का न घेता तिर्री टाकली, की तो का सोडतोय ते तुम्हालाही कळायला हवं: त्याला तुमचे बदाम संपवायचेत आणि त्याचा लांब रंग तुमच्याकडे हात देणारा आहे. एवढं कळून हा डाव पडत नाहीच, पण तुमच्याकडे दुसरा चांगला रंग असता तर तो काढायची वेळ हीच होती. सिग्नलमध्ये सध्या एकच ठेवा, पार्टनरने उतरलेल्या रंगात मोठं पान म्हणजे 'परत आण', छोटं म्हणजे 'दुसरं बघ'. पुढच्या वेळी पूर्व-पश्चिम म्हणून बसाल तेव्हाचा एखादा पडलेला डाव चौघांच्या पानांसकट इथे टाका, बघू.