खुडूक कोंबडी उठतच नाही, बसवू की उठवू?

पडवीवाली (गुहागर)
नमस्कार मंडळी, परसात सहा गावठी कोंबड्या आहेत, कोंबडा नाही (शिमग्याला पाहुणे आले आणि तो गेला). त्यातली तांबडी खुडूक झालीये (अंडी उबवायला बसलीये), आठवडा झाला खोक्यातून हलत नाहीये. हात नेला की अंग फुलवते, कुरकुरते आणि टोचते. अंडी काढून घेतली तरी रिकाम्या पेंढ्यावर बसून राहते, दिवसातून एकदा बाहेर येते, दाणे टिपते, घाण वासाचा भलामोठा गोळा शिटते आणि परत आत पळते. खोका एकच, त्यामुळे बाकीच्या तिच्या अंगावर चढून अंडी घालतात, दोन फुटली पण. सासूबाई म्हणतायत नाकात पीस घाल म्हणजे उठते, माझ्या जिवावर येतं ते. शेजारचे भाऊजी म्हणतात आमच्याकडची अंडी नेऊन बसव. मे संपत आलाय, पाऊस तोंडावर, काय करू?

चिरेखाण
पीस-बीस घालू नका ताई, नुसता छळ आहे तो. विहिरीच्या पाण्यात बुचकळणं, डोळे बांधणं, उपाशी ठेवणं सगळं त्यातलंच.
खुडूक म्हणजे आजार नाही. प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक वाढतं, अंडी घालणं बंद होतं, अंगाची ऊब अंड्यांना थेट लागावी म्हणून पोटाखालची पिसं ती स्वतः उपटते (उचलून बघा, टक्कल दिसेल). म्हणून उपाय एकच, पोटाखाली गार हवा. आंब्याचे प्लास्टिकचे क्रेट असतीलच घरात, आता रिकामे झाले असतील. एक क्रेट दोन चिऱ्यांवर ठेवा म्हणजे खालून वारा लागेल, आत पेंढा वगैरे काही टाकायचं नाही, कोंबडी ठेवा आणि दुसरा क्रेट उलटा करून वर बांधा. सावलीत, उजेडात, बाकीच्या कोंबड्या दिसतील अशा जागी. पाणी आणि खाणं पूर्ण द्यायचं. ३-४ दिवसांत बहुतेक कोंबड्यांची खुडूक मोडते. संध्याकाळी सोडून बघा, दांडीवर बाकीच्यांबरोबर जाऊन बसली तर झालं, खोक्याकडे धावली तर परत क्रेट. अंडी लगेच सुरू होणार नाहीत, दोन-तीन आठवडे धरून चाला.

खळ्यातली काकी
गो बाय, उठवतंस कित्याक तिका? बसाक लागली म्हणजे फुकटचा मशीन गावला तुका. शेजाऱ्याकडची ताजी अंडी घे, आठवड्याच्या आतली, धा-बारा पुरे, पोटाखाली मावतली तितकीच. रातची काळोखात ठेव आणि पेन्सिलीन खूण कर, नायतर बाकीच्यो येवन त्याच खोक्यात घालतत, मग काय अर्धी फुटतत आणि अर्धी तशीच रवतत. खोक्यात निगडीचो पालो घाल, लिखा होवची नाय. आणि कोळसो नि लोखंडाचो खिळो ठेव, गडगडलां तर अंडी फुकट जावची नाय. आमच्याकडे पावसात दर वर्षी लाईट जाता, बल्ब इझता, कोंबी काय इझणा नाय.

रत्नांग्रीचो
काकी, बल्बचं बोललात ते शंभर टक्के बरोबर, पावसात कोंबडीसारखी आई नाही. कोळसा-खिळ्याने गडगडाट थांबत नाही पण अंड्यांचं काही बिघडतही नाही, ठेवा खुशाल. हिशेब मात्र वेगळा सांगतोय. आज बसवली तर २१ दिवसांनी पिल्लं, म्हणजे जूनचा तिसरा आठवडा, तोवर पाऊस आलेला, आणि पिल्लांना नीट पिसं येईपर्यंत जुलै उजाडणार, म्हणजे आपल्याकडचा सगळ्यात जास्त पावसाचा महिना. भिजलेलं पिल्लू तासाभरात गारठतं. त्यात भुसा ओला राहिला की रक्ताची हगवण लागते, ती एकदा आली की अख्खी पिल्लावळ झोपते. कोरडी, जमिनीपासून वर असलेली, लाद्यांची खोली असेल तर खुशाल बसवा, सातव्या दिवशी रात्री टॉर्चवर अंडी बघा, आत लाल शिरांची जाळी दिसली तर जीव आहे, आरपार स्वच्छ दिसलं तर पोकळ, काढून टाका. पण पडवीच्या कोपऱ्यातला झाप आणि खाली शेणाची जमीन असेल तर आत्ता उठवा, गणपतीनंतर पुन्हा खुडूक होईल तेव्हा बघू. गावठी आहे, होणारच.
अजून एक, काळोखात खोक्यात हात घालू नका. अंड्यांच्या वासाने धामण येतेच, नागही येतो. आधी टॉर्च मारा, मगच हात.

पडवीवाली (गुहागर)
खोली नाहीये कोरडी, पडवीच आहे, तीही पागोळ्यांनी निम्मी भिजते. म्हणजे उठवतेच. क्रेट आहेत भरपूर, आज संध्याकाळीच बांधते, सासूबाईंना पण क्रेटचं पटलं (पिसाचा हट्ट सुटला एकदाचा). खोका पण अजून एक करून ठेवते. आता एक विचारते, गणपतीनंतर घरच्याच अंड्यांवर बसवायची असेल तर कोंबडा कधी आणू?

चिरेखाण
श्रावण संपता संपता आणा. सहा कोंबड्यांना एक पुरे. सोडल्यावर पहिला आठवडा घातलेली अंडी खायला, त्यानंतरची बसवायला राखून ठेवा. आणलेला कोंबडा एकदम कळपात सोडू नका, थोडे दिवस वेगळा ठेवून शिंकतो-बिंकतो का बघा, आणि मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस आधीच्या मालकाने दिली होती का ते विचारा, नसेल तर तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा, तुमच्या सहांची पण त्याच फेरीत होऊन जाईल.

खळ्यातली काकी
आणि शेजाऱ्याक आधीच सांग, पहाटे चार वाजता आरवतलो.