रोजचे प्रोग्रॅम की मोजके? वादक-गायकांनी आपापले अनुभव लिहावेत

तबला, पुणे

मी तबल्याची साथ करतो. वय ३४, अकरा वर्षं घर याच्यावरच चाललंय. गेल्या महिन्यात २२ प्रोग्रॅम झाले. भजनी मंडळं, भावगीतांच्या दोन मैफली, एका सोसायटीची संगीतसंध्या, आणि गांधर्व मंडळाच्या संगीताच्या परीक्षा होत्या म्हणून मध्यमा-विशारदच्या मुलांची साथ. पाकीट दीड हजारापासून अडीच हजारापर्यंत. बेरीज पंचेचाळीस हजारांच्या आसपास जाते, त्यातून पेट्रोल आणि तबल्याच्या पुड्या (वरचं चामडं) वजा करा.

आता लग्नाचे इव्हेंट करणाऱ्या एकांनी विचारलंय. संगीत-हळदीसाठी सहा जणांचा संच, दर प्रोग्रॅमला मला १८ हजार, महिन्याला दोन-तीन. अट एकच, पुण्यात छोट्या ठिकाणी वाजवायचं नाही. जो वादक गल्लीतल्या हॉलमध्ये दोन हजारांत ऐकायला मिळतो त्याचे एवढे पैसे गिऱ्हाइकाकडे कसे मागायचे, असं त्यांचं म्हणणं. त्यात तथ्य आहे हे मलाही कळतं. पण चातुर्मासात लग्नं नसतात, आणि श्रावण, गणपती, नवरात्रात माझं घर भजनी मंडळांनीच चालवलंय.

विचारायचं कारण नुसता पैसा नाही. एका रविवारी तीन प्रोग्रॅम होते. तिसऱ्या ठिकाणी रात्री आठला बसलो. ताई फार छान गायल्या असं नंतर लोक सांगत होते. मला त्यातलं काही आठवत नाही. हात केरवा ताल धरून होता, एवढंच. घरी येऊन तबला पुसायला घेतला तर शाईचा (पुडीवरच्या काळ्या वर्तुळाचा) बारीक कपचा उडालेला. कुठल्या गाण्यात उडाला असेल? आवाज नक्की बदलला असणार, आणि तो मला ऐकू आला नव्हता. असं माझ्या बाबतीत पहिल्यांदा झालं, आणि तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही.

तुम्ही काय केलंत ते आकड्यांसकट लिहा.

पेटी, मिरज

बाळा, मी एकसष्ट वर्षांचा आहे. चाळीस वर्षं पेटी वाजवतोय. आमच्याकडे मिरासाहेबांच्या दर्ग्यात थोर गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाणं होतं, तिथे मी तरुणपणापासून जातो. तिथे पैशाची गोष्ट कोणी काढत नाही आणि काढूही नये. ती सेवा. पण 'तुम्ही आमचेच, पाचशे घ्या' म्हणत ज्यांनी मला वर्षानुवर्षं बोलावलं, त्यांच्याकडचं वाजवणं सेवाही नव्हतं आणि धंदाही नव्हता. हे समजायला मला पन्नाशी गाठावी लागली. सेवा करायची तर एक पैसा घेऊ नकोस. घ्यायचा तर पुरता घे. मधल्या रकमेने दोन्ही बाजूंनी मन कडू होतं.

आणि कपचा ऐकू आला नाही म्हणतोस, ते मनाला लावून घेतलंस हे चांगलं झालं. महिनाभर रोज सकाळी तासभर एकट्याने लेहऱ्यावर, म्हणजे तबल्यासाठी फिरत राहणाऱ्या एकाच सुरावटीवर, बस. कान परत येतो. माझा आला होता.

पखवाज, आळंदी

माउली, आमच्या क्षेत्रात हा प्रश्न वेगळा येतो. हरिनाम सप्ताह म्हणजे सात दिवस मुक्काम. पहाटे काकडा, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन. कीर्तनकार महाराज रोज नवे येतात, मृदंगाला (पखवाजाला) मात्र सातही दिवस मीच. दिवसाचा हिशोब मांडला तर रोजंदारीवरचा गवंडी माझ्यापेक्षा जास्त नेईल.

पण काल्याच्या दिवशी नारळ हातात देतानाच पुढच्या वर्षीची तारीख ठरते. माझी अशी नऊ गावं आहेत. काही गावांत बारा-बारा वर्षं जातोय. जेवण रोज वेगळ्या घरी. एका गावात माझ्या मुलीच्या अकरावीची फी मंडळींनी मिळून भरली, मी तोंडही उघडलं नव्हतं. मोठ्या महाराजांबरोबर फिरायची संधी आली होती, एका कीर्तनाला सप्ताहाच्या निम्मी रक्कम. वर्षभर गेलो. रोज गाडीत, रोज नवं गाव, कीर्तन संपलं की निघा. पुढे महाराजांनी दुसरा मृदंगमणी घेतला. तोपर्यंत माझ्या दोन गावांनीही नवा माणूस शोधला होता. ती दोन गावं अजून परत मिळालेली नाहीत.

म्हणून दादा, जे सोडाल ते परत मिळेल असं धरून सोडू नका.

गायिका, ठाणे

मी उलट बाजूने लिहिते. मी भावगीतं, नाट्यगीतं गाते. पाच वर्षांपूर्वीपर्यंत चार हजारांत कुठेही जायचे. मंगळागौर, हळदीकुंकू, महिला दिन, ज्येष्ठ नागरिक संघ. डिसेंबरात एकदा अठरा कार्यक्रम केले, त्यातले अर्धे बेताच्या माइकवर, मोकळ्या पटांगणात. जानेवारीत वरचा षड्ज लागेना. डॉक्टरांनी दुर्बीण घालून दाखवलं, स्वरतंतूंवर दोन बारीक गाठी. सहा आठवडे बोलणंसुद्धा बंद. घरात पाटीवर लिहून दाखवायचे, मुलगा तेव्हा पहिलीत, त्याला जोडाक्षरं वाचता यायची नाहीत. म्हणून मी जोडाक्षर नसलेले शब्द शोधायचे. वादकाला पुडी बदलता येते हो, गळ्याला दुसरी पुडी नाही.

त्यानंतर दर दहा हजार केला, साउंड कोणाचा ते आधी विचारायचं आणि रात्री घरी पोचवायची गाडी आयोजकांनी द्यायची. पहिले चार महिने फोन जवळजवळ बंद. 'आधीच्या ताईंनी तीन हजारांत केलं' हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल! नवऱ्याचा पगार होता म्हणून ते चार महिने निघाले, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. ज्याच्या एकट्यावर घर आहे त्याला 'दर वाढवा, लोक येतील' असा सल्ला मी देणार नाही. आता महिन्याला पाच-सहा कार्यक्रम होतात आणि दिवाळी पहाटेच्या तारखा गणपतीतच भरतात. एक लक्षात ठेवा, छोटे लोक पाकीट त्याच रात्री देतात. कंपन्यांचे पैसे दहा टक्के टीडीएस कापून दोन-दोन महिन्यांनी येतात. हाताशी तेवढी रक्कम नसेल तर मोठ्या प्रोग्रॅमच्या महिन्यातच उसने मागायची वेळ येते. माझ्यावर आली आहे.

गिटार, मडगाव

आमच्याकडे सीझन ऑक्टोबर ते मार्च. सहा वर्षं मी किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये आठवड्याला पाच रात्री वाजवलं. संध्याकाळी सात ते दहा, दहानंतर उघड्यावर स्पीकर बंद करावा लागतो. दोन हजार आणि जेवण. मग दक्षिण गोव्यातल्या रिसॉर्टची लग्नं मिळायला लागली, एका लग्नाचे पंचवीस हजार. शॅक सोडली.

पहिला सीझन उत्तम गेला. दुसऱ्या सीझनला डिसेंबरच्या तीन तारखा एकाच माणसाने धरून ठेवल्या आणि आठ दिवस आधी तिन्ही रद्द केल्या. कागद नाही, आगाऊ पैसे नाहीत. नाताळच्या आठवड्यात मी घरी बसलो होतो. तेव्हापासून अर्धी रक्कम आधी खात्यात, मगच तारीख माझ्या वहीत. आणि रविवार दुपारचं एका हॉटेलातलं वाजवणं मी कायम ठेवलंय. पैसे बेताचेच, पण तिथे मी मला हवी ती गाणी वाजवतो. लग्नात तीच पंधरा गाणी असतात.

तुम्हाला अट घालणारा माणूस महिन्याला किती तारखांची हमी देतोय ते लिहून घेतलंत का?

आयोजक, नाशिक

मी वादक नाही. आमचं मंडळ वर्षाला चार कार्यक्रम करतं, हिशोब माझ्याकडे असतो. तुम्हाला न दिसणारी बाजू सांगतो. आम्ही आधी हॉल, मग साउंड-लाइट, मग फुलं-बॅनर, मग मुख्य गायक असे आकडे मांडतो. साथीदारांच्या ओळीत उरलेली रक्कम येते. गेल्या वेळी बॅनर आणि फुलांना नऊ हजार गेले, तबलजींना अडीच हजार. लिहिताना मला लाज वाटली.

त्यांनी पाच मागितले असते तर आम्ही फुलं कमी केली असती. पण त्यांनी 'द्याल ते' म्हटलं. कृपा करून 'द्याल ते' म्हणू नका. आकडा सांगा, आम्ही तो कागदावर वरच्या ओळीत लिहू.

नोकरी करून व्हायोलिन, पुणे

वरचा प्रतिसाद वाचून मला लिहावंसं वाटलं. मी आयटीत आहे, शनिवार-रविवार हौसेने वाजवतो. पैसे घेत नव्हतो. मला वाटायचं ह्यात कोणाचं काय जातं. एकदा एका आयोजकांनी सहज सांगितलं की आधी एक व्हायोलिनवाले काका यायचे, ते तीन हजार घ्यायचे, तुम्ही आल्यापासून त्यांना बोलावलं नाही. ते ऐकून मला अगदी लाजल्यासारखं झालं. मी त्या काकांचा नंबर मिळवून भेटायला गेलो. आता बोलावणं आलं की चालू दर सांगतो, आणि मला गरज नसेल तेव्हा त्यांचं नाव देतो. हौशी लोकांनी फुकट वाजवू नये, निदान तिकीट लावलेल्या कार्यक्रमात तरी नाही.

ढोलकी, जुन्नर तालुका

मी तमाशाच्या फडात ढोलकीला होतो. आमचं गणित साधं. पाडव्याच्या आसपास नारायणगावला फडांच्या राहुट्या पडतात, गावोगावचे पंच येतात, सुपारी (खेळाचा करार) ठरते. तिथून बुद्धपौर्णिमेपर्यंत जत्रा, रोज नवं गाव. वर्षाची कमाई त्या दीड-दोन महिन्यांत.

२०२० साली पाडवा २५ मार्चला होता. त्याच दिवशी लॉकडाऊन लागला. ठरलेल्या सुपाऱ्या गेल्या आणि वर्षच गेलं. लग्नात मोठे पैसे घेणारे माझे मित्रही घरी बसले आणि रोज पाचशे घेणारेही. त्या वर्षात मला दोन पोरांनी तारलं. फोनवरून ढोलकी शिकायची, आठवड्याला तीनशे-तीनशे रुपये. त्यांना आधी फुकट शिकवत होतो, त्यांच्या आयांनीच पैसे सुरू केले. आज सतरा पोरं आहेत. फडात अजून जातो, पण निवडून जातो.

दादा, शिकवणं कुठल्याच पारड्यात टाकू नका. ते वेगळं ठेवा.

तबला, पुणे

सगळ्यांचे मनापासून आभार. मडगावच्या दादांचा प्रश्न वाचून लगेच फोन लावला. तारखांची हमी देता येणार नाही असं उत्तर आलं. मग मीही सांगितलं, हमी नाही तर अट नाही. अर्धे पैसे आगाऊ आले की ती तारीख तुमची, बाकीचे दिवस माझे. दोन दिवस काही कळवलं नाही. आज सकाळी डिसेंबरच्या एका तारखेचे नऊ हजार खात्यात आले. पुढचं पुढे बघू.

गुरुवारचं भजनी मंडळ सोडत नाही. तिथल्या आजींनी माझ्या लग्नात अक्षता टाकल्यात. त्यांच्याकडचं पाकीट मात्र पुढच्या गुरुवारपासून घेणार नाही, मिरजेच्या काकांचं पटलं. मुलांच्या परीक्षेची साथ आहे त्याच दरात ठेवतोय. बाकी सगळ्यांना आजपासून चार हजार सांगतोय. पहिला फोन दुपारी आला, सोसायटीचाच. चार म्हटल्यावर पलीकडे शांतता, मग 'कळवतो'. हात थरथरत होता, पण आकडा खाली आणला नाही.

एका दिवसात दोनाहून जास्त प्रोग्रॅम घ्यायचे नाहीत, हे बायकोने कॅलेंडरवर लिहून ठेवलंय. येता शनिवार मोकळा आहे. पुडी बदलायला टाकतोय. काका, मिरजेला कधी येऊ ते कळवा, लेहरा तुमच्याच पेटीवर हवा आहे.