उत्तर: तेल माशात पाऱ्यासारखं साठत जातं का?

समुद्रात सांडलेलं तेल पाऱ्यासारखं माशाच्या अंगात साठतच जातं, असं म्हटलं जातं, पण ते पटलं नाही. तेलातले घातक घटक (पीएएच, म्हणजे पॉलिसायक्लिक अ‍ॅरोमॅटिक हायड्रोकार्बन) कल्ल्यांतून आणि खाण्यातून रक्तात जातात, पण हाडं असलेल्या माशाचं यकृत ते लगेच फोडायला घेतं. सायटोक्रोम पी४५० गटातली विकरं (एन्झाइम) त्यांना पाण्यात विरघळतील असं रूप देतात, मग ते पित्तात उतरतात आणि आतड्यावाटे बाहेर पडतात. म्हणून "मांसात काही सापडलं नाही, म्हणजे माशाला तेल लागलंच नाही" हा दुसरा निष्कर्षही चुकीचा. तपासायचं असतं ते पित्त. मासा साफ करताना यकृताला चिकटलेली हिरवट पिशवी दिसते ना, फुटली की मांस कडू करणारी, तीच. त्यातही उपाशी माशाचं पित्त साठून राहतं आणि खाल्लं की रिकामं होतं, त्यामुळे नमुना कधी घेतला यावर पित्तात सापडणाऱ्या या घटकांचा आकडा बदलतो.

पण ही सफाई फुकट होत नाही. फोडताना मधेच तयार होणारी काही रसायनं डीएनएला चिकटतात. अंड्यातल्या पिल्लांचं तर फार वाईट होतं. १९८९ मध्ये अलास्काजवळ एक्सॉन व्हाल्डेझ या तेलवाहू जहाजातून झालेल्या गळतीनंतरच्या संशोधनात अगदी थोड्या तेलानेही हेरिंग आणि सामनच्या भ्रूणांची हृदयं बिघडलेली दिसली.

आणि तिसऱ्या, कालवं अशा शिंपल्यातल्या जीवांना माशांचा नियम लावू नका. त्यांच्यात ही विकरं फारच क्षीण, त्यामुळे तेल जास्त काळ टिकतं. २०१० मध्ये मुंबईजवळ एमएससी चित्रा आणि खलिजिया या जहाजांची टक्कर होऊन तेल सांडलं, तेव्हा लोकांनी सरसकट मासळीच टाळली. खरी काळजी खडकावरच्या कालवांची घ्यायला हवी होती.