पट्टीचा पोहणारा आणि पाण्याखालची गुहा

ज्याला उत्तम पोहता येतं त्याला ऑस्ट्रेलियातल्या माउंट गॅम्बियरच्या पाण्याखालच्या गुहांत उतरायला परवाना कशाला, ही नुसती आडकाठी आहे, हे काहींचं म्हणणं मला अजिबात पटत नाही. आमच्या पवनीकडे वैनगंगेत कुणी बुडालं की ढीवरांच्या पोरांना बोलावतात. एका दमात डोहाचा तळ गाठणारी पोरं आहेत ती. पण दम संपला की सरळ वर येतात, कारण डोक्यावर नुसतं पाणी असतं. गुहेत डोक्यावर खडक. आल्या वाटेनंच परतायचं, आणि पायाच्या एका फटक्यानं गाळ उठला की हातातला टॉर्चही दिसेनासा होतो. म्हणून तर गुहेच्या तोंडापासून सलग दोरी लागते, आणि पाठीवरच्या टाकीतल्या हवेचे तीन वाटे करतात: एक जायला, एक यायला, एक राखीव. त्यात 40 मीटर खोलीवर हवा वरच्यापेक्षा पाचपट वेगानं संपते. पोहण्याचा कितीही सराव असला तरी हे गणित बदलत नाही.

आणि हे नियम काही कचेरीत बसून कुणी लादलेले नाहीत. 1973 च्या मे महिन्यात तिथल्या शेतातल्या ‘द शाफ्ट’ नावाच्या विवरात चार डायव्हरांचा जीव गेला. त्याच वर्षी डायव्हरांनीच संघटना उभी केली आणि गुहा जितकी अवघड तितकी परीक्षा कठीण, असं ठरवलं. त्या परीक्षांच्या भरवशावरच जमीनमालक आत सोडतात, त्यामुळे ‘या गुहा कायमच्या बुजवून टाका’ म्हणणाऱ्यांशीही मी सहमत नाही.