मदत हवी आहे: इस्रायल-पॅलेस्टाइनवर मराठीत काय वाचावं?

नमस्कार मंडळी. दर रविवारी काका चहाला येतात आणि बाबांशी इस्रायल-पॅलेस्टाइनवरून जुंपते. काकांचं म्हणणं, भारत पहिल्यापासून इस्रायलच्या बाजूने. बाबा म्हणतात, नरसिंह रावांच्या आधी आपण त्या देशाला मान्यताच दिली नव्हती. दोघांचंही अर्धवट. 1947 मध्ये संयुक्त राष्ट्रांत पॅलेस्टाइनच्या फाळणीचा ठराव आला तेव्हा भारताने विरोधात मत दिलं. 1950 मध्ये इस्रायलला मान्यता दिली, पुढे मुंबईत त्यांचा वाणिज्य दूतावासही सुरू झाला, पण पूर्ण राजनैतिक संबंध जुळले ते 1992 साली. त्याआधी, 1988 मध्येच, पॅलेस्टाइनलाही मान्यता देऊन झाली होती.

हे सांगायला गेलं की दोघे मिळून माझ्यावरच घसरतात, "तुला कुणी सांगितलं?" (यांचे स्वतःचे पुरावे म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्ड!) काका अलिबागचे, त्यामुळे बेने इस्रायली (म्हणजे कोकणातले मराठी ज्यू) शेजाऱ्यांचा दाखला ठरलेला. आता ती मंडळी कोकणात कित्येक शतकं राहतायत, त्याचा 1948 च्या अरब-इस्रायल युद्धाशी काय संबंध?

तर, 1917 च्या बॅलफोर जाहीरनाम्यापासून (पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंच्या राष्ट्रीय घराला ब्रिटनने जाहीर केलेला पाठिंबा) पुढचं सगळं सांगणारं, कुणाचीच तळी न उचलणारं मराठी पुस्तक आहे का? शक्यतो मोठ्या टाइपातलं, बाबांना बारीक अक्षर दिसत नाही. नेहरूंच्या काळातल्या लोकसभेतल्या चर्चा शोधायची सोपी रीत कुणाला माहीत असेल तर तीही सांगा, इंग्रजी असल्या तरी मी वाचून दाखवीन. पुढच्या रविवारच्या आत कळलं तर फार बरं होईल, आईने रिमोट लपवायला सुरुवात केलीय.