मदत हवी आहे: प्रॉकमेलचा नियम लागत नाही, तातडीचं

खडेबाजार_छपाई
दोन दिवस झाले, काय चुकूलालंय तेच कळेना. आलेले मेल नियमानं फोल्डरमध्ये वाटायला प्रॉकमेल हा प्रोग्राम लावलाय. मेलच्या विषयात 'पत्रिका' हा शब्द असेल तर तो वेगळ्या फोल्डरमध्ये जायला हवा. जात नाही, सगळं इनबॉक्समध्येच साठतंय. मेल ओढून आणणारं फेचमेल नीट चालतंय. लग्नसराई तोंडावर आहे, जाणकारांनी लवकर सांगा.

हिंडलगा_लिनक्स
दादा, नियम दिसल्याशिवाय काय सांगणार? नियम लिहिलेली आरसी फाइल इथं टाका. तिच्यात लॉगफाइलची ओळ घालून व्हर्बोज, म्हणजे सविस्तर नोंद, ऑन करा आणि तो लॉगही टाका. फाइलची परवानगी किती आहे? ग्रुपला लिहायची मुभा असली तर प्रॉकमेल ती फाइल संशयास्पद ठरवून वाचतच नाही.

निपाणीकर
प्रॉकमेल सोडा आता. ३.२२ आवृत्ती २००१ची, त्यानंतर कितीतरी वर्षं कुणी हात लावला नाही. डव्हकॉट हा मेल सर्व्हर बसवा, सिव्ह या त्याच्या नियमांच्या भाषेत नियम लिहा. माझ्या दुकानात एक दिवसात झालं.

खडेबाजार_छपाई
सिव्हचं विचारलं नाही हो मी. सीझनमध्ये सर्व्हर उघडून बसू शकत नाही. परवानगी ६४४ आहे. इन्व्हॉइसचा नियम त्याच फाइलमध्ये आहे, तो बरोबर लागतो. फक्त पत्रिकेचा लागत नाही.

हिंडलगा_लिनक्स
पत्रिका हा शब्द नियमात रोमनमध्ये लिहिलाय की देवनागरीत?

खडेबाजार_छपाई
मराठीतच. गिऱ्हाईक विषय मराठीत लिहितं, मग नियम दुसरा कसा लिहिणार?

तिळकवाडी_डीटीपी
आमच्याकडेही हाच त्रास होता. नुडी या कन्नड टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेला कन्नड मजकूर दुसऱ्या मशीनवर उघडला की नुसती खिचडी. गिऱ्हाइकाला युनिकोडमध्येच पाठवायला सांगा, आणि पीडीएफ मागून घ्या.

हिंडलगा_लिनक्स
फॉन्टचा प्रश्न नाहीये हा. देवनागरी विषय हेडरमध्ये, म्हणजे मेलच्या वरच्या माहितीच्या ओळींत, जसाच्या तसा येत नाही, तो बहुतेक वेळा बेस-६४ करून, म्हणजे इंग्रजी अक्षरं-आकड्यांत बदलून येतो. प्रॉकमेल कच्चं हेडर बघतो, त्यात पत्रिका हा शब्द नसतोच. लेस कमांडनं एक मेल उघडून विषयाची ओळ बघा.

खडेबाजार_छपाई
बघितली. बरोबर चिन्ह, प्रश्नचिन्ह, यूटीएफ-८, मग बी, आणि पुढं नुसती इंग्रजी अक्षरं. तर आता काय करू? एक सांगायचं राहिलं, मराठी आणि कन्नड मेल वेगवेगळे करायचे आहेत. दोन ऑपरेटर आहेत, एकाला कन्नड येत नाही, दुसऱ्याला मराठी. परवा बैलहोंगलच्या घरची कन्नड पत्रिका मराठीवाल्याकडं तीन दिवस पडून राहिली. मुलीचे वडील स्वतः दुकानात आले. मान वर करून बोलता येईना मला.

अनगोळ_७
एवढं सगळं करण्यापेक्षा मेल सेवेच्या वेबपानावरच फिल्टर लावा की.

खडेबाजार_छपाई
ऑपरेटरांच्या मशीनला इंटरनेट नाही, मेल लॅनवरून वाचतात.

कॅम्पवाला
सोपं आहे. देवनागरी अक्षर ३ बाइटचं, बेस-६४ मध्ये ३ बाइटची ४ चिन्हं होतात. म्हणून मराठीनं सुरू होणारा विषय चार, के, एस असा सुरू होतो आणि कन्नड चार, एल, के असा. तेवढंच शोधा. नियमाला मोठा डी हा फ्लॅग लावा, नाहीतर लहान-मोठं अक्षर सारखंच धरेल.

निपाणीकर
आणि विषय "२ पत्रिका" असा इंग्रजी आकड्यानं सुरू झाला तर? आकडा आणि स्पेस मिळून २ बाइट, पुढचं सगळं सरकलं, ती अक्षरं जुळणारच नाहीत. शिवाय असा बदललेला विषय तुकड्यांत येतो आणि एका तुकड्याला ७५ चिन्हांची मर्यादा, म्हणजे जेमतेम पंधरा अक्षरं-मात्रा. "लग्नपत्रिका मजकूर" एवढंही एका तुकड्यात मावत नाही. सिव्ह विषय आधी उलगडतो आणि मगच जुळवतो, म्हणून म्हणत होतो.

हिंडलगा_लिनक्स
निपाणीकरांचं सरकण्याचं बरोबर आहे. पण उलगडायला सर्व्हर बदलायची गरज नाही. प्रॉकमेलसोबतच्या फॉरमेल कमांडला वजा एक्स देऊन विषय काढा, पर्ल भाषेच्या एन्कोड मॉड्यूलमधून माइम-हेडर उलगडा आणि यूटीएफ-८ करून व्हेरिएबलमध्ये ठेवा. मग नियमात व्हेरिएबलचं नाव, दोन प्रश्नचिन्हं आणि पुढं पत्रिका. लिपीसाठी पर्ललाच विचारा, कन्नड अक्षर सापडलं तर के आणि देवनागरी सापडलं तर एम छाप म्हणून.

खडेबाजार_छपाई
आणि दोन्ही असली तर? मुलगी गोकाकची, मुलगा खानापूरचा, विषयात दोन्ही भाषा. असं आमच्याकडं रोजचं आहे.

हिंडलगा_लिनक्स
मग दोन्ही अक्षरं छापू दे. के असेल तो नियम आधी ठेवा आणि त्याला लहान सी हा फ्लॅग लावा. प्रत कन्नड फोल्डरमध्ये जाते, मूळ मेल खाली मराठीच्या नियमाकडं येतो. नुसत्या कन्नड मेलची मूळ प्रत इनबॉक्समध्येही राहील, राहू दे, सीझनमध्ये बरंच आहे ते.

खडेबाजार_छपाई
लागला! तिन्ही प्रकारचे मेल पाठवून बघितले, बरोबर जागी गेले. इनबॉक्समध्ये आधीच साठलेल्यांचं काय? एमबॉक्स आहे, सगळे मेल एकाच फाइलमध्ये.

हिंडलगा_लिनक्स
फेचमेल थांबवा. ती फाइल आधी दुसऱ्या नावानं बाजूला काढा, तिथंच ठेवू नका. मग फॉरमेल वजा एस प्रॉकमेल, आणि इनपुट म्हणून ती फाइल. एकेक मेल नव्यानं नियमातून जाईल.

खडेबाजार_छपाई
झालं. कन्नड फोल्डरमध्ये अजून दोन पत्रिका सापडल्या, एक रामदुर्गची. लगेच फोन करतो त्यांना.